बैजिक राशींना सोपं रूप देताना आणि अवयव पाडताना या चुका टाळा

सातवी-आठवीच्या वह्या तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. मुलांना नियम पाठ असतात, तरी उत्तर चुकतं. राशीला सोपं रूप द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हेच कुठेतरी निसटलेलं असतं. ४क्ष + ६ ही राशी २(२क्ष + ३) अशी लिहिली, तरी ती राशी तीच असते. क्षच्या जागी कोणतीही संख्या ठेवा, दोन्हीकडे किंमत सारखीच येते. रूप बदललं तरी किंमत बदलता कामा नये, एवढी एकच अट आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका ही अट मोडतात.

३क्ष + ५ चे ८क्ष

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. अंकगणितात वर्षानुवर्षं उत्तर म्हणून एकच संख्या आलेली असते, त्यामुळे उत्तरात अधिकचं चिन्ह उरलं की गणित अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. पण क्षची किंमत माहीत नसताना ३क्ष आणि ५ एकत्र करता येत नाहीत. ३क्ष + ५ हेच पूर्ण उत्तर आहे.

इथे ‘तीन सफरचंदं आणि पाच संत्री कशी मिळवणार?’ असं समजावण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्या वेळेपुरतं उत्तर बरोबर येतं, पण अक्षर म्हणजे एखाद्या वस्तूचं नाव, अशी समजूत मुलाच्या मनात बसते. अक्षर म्हणजे संख्या, हे सुरुवातीपासून सांगितलं तर पुढे किंमत घालून पडताळा घेणं सोपं जातं. सजातीय (सारखीच अक्षरं असलेल्या) पदांचीच बेरीज-वजाबाकी करावी आणि विजातीय पदं वेगळी मांडावीत, हा नियम भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात दिला आहे. ते अव्यक्त (माहीत नसलेल्या) संख्यांसाठी या, का, नी अशी अक्षरं लिहीत आणि स्थिर संख्येआधी रू.

याच्याच जोडीची चूक म्हणजे ५क्ष − क्ष = ५. नुसत्या क्षला सहगुणक, म्हणजे क्षला गुणणारी संख्या, नाही असं वाटतं, म्हणून ‘क्ष गेला, पाच उरले’. नुसत्या क्षचा सहगुणक १ असतो. उत्तर ४क्ष.

कंसाआधीचं उणे

७क्ष − (२क्ष − ५) या गणितात वर्गातली बरीच मुलं ७क्ष − २क्ष − ५ असं लिहितात. उणे पहिल्या पदाला लागलं, दुसरं पद होतं तसंच राहिलं. खरं तर वजा करायचा आहे तो अख्खा कंस, म्हणून आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं: ७क्ष − २क्ष + ५ = ५क्ष + ५.

यावर एक सवय उपयोगी पडते. राशी वाचताना चिन्ह हे त्याच्या पुढच्या पदाचं आहे असं समजून वाचायचं. २क्ष − ५ मध्ये दोन पदं आहेत, २क्ष आणि −५. भास्कराचार्यांच्या मांडणीत ऋण संख्येच्या डोक्यावरच टिंब असे, त्यामुळे चिन्ह आणि संख्या यांची ताटातूट होत नसे. आपल्या वहीत पेन्सिलीने प्रत्येक पदाला चिन्हासकट गोल केला तरी तेच काम होतं.

आता ४ − ३(क्ष − २) पाहा. इथे दोन वेगवेगळ्या चुका होतात. कुणी आधी ४ − ३ = १ करून क्ष − २ लिहितं. कंचेभागुबेव पाठ असतं, पण संख्या आणि कंस यांच्यामध्ये गुणाकाराचं चिन्ह दिसत नसल्यामुळे तिथे गुणाकार आहे हेच लक्षात येत नाही. दुसरं कुणी ३ ने नीट गुणतं, पण उण्याला विसरतं आणि ४ − ३क्ष − ६ लिहितं. गुणायचं आहे −३ ने: ४ − ३क्ष + ६ = १० − ३क्ष.

पडताळा घेतानाची चूक

क्षच्या जागी संख्या घालून पाहा, असं सगळेच सांगतात. कोणती संख्या घ्यायची, हे फारसं कुणी सांगत नाही. मुलं सोपी म्हणून १ घेतात, आणि ३क्ष + ५ व ८क्ष या दोन्हींची किंमत १ घेतल्यावर ८ च येते! चूक लपून राहते. ३ घेतल्यावर १४ आणि २४ येतात, तेव्हा ती उघडी पडते. पण ३ ही संख्यासुद्धा नेहमी भरवशाची नाही. वरच्या उदाहरणातलं चुकीचं क्ष − २ आणि बरोबर १० − ३क्ष या दोन्हींची किंमत क्ष = ३ असताना १ च येते.

म्हणून दोन वेगवेगळ्या संख्या घ्या. एका चलाच्या (अक्षराच्या) दोन रेषीय राशी, म्हणजे ज्यांत क्ष फक्त पहिल्या घातात येतो अशा, दोन वेगळ्या किमतींना जुळल्या, तर त्या सगळ्याच किमतींना जुळतात, कारण अशा राशीचा आलेख सरळ रेषा असतो आणि दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. म्हणजे अशा राशींसाठी दोन किमतींचा पडताळा हा अंदाज राहत नाही, ती सिद्धता होते.

सामाईक अवयव काढताना

१२क्ष + १८ = २(६क्ष + ९) हे चूक नाही, पण अपुरं आहे. कंसात अजून ३ सामाईक आहे. सहगुणकांचा मसावि काढला की एकाच पायरीत ६(२क्ष + ३) मिळतं.

६अ − ९ब + ३ मध्ये ३ बाहेर काढल्यावर शेवटच्या पदाच्या जागी ‘काहीच उरलं नाही’ म्हणून ३(२अ − ३ब) लिहिलं जातं. ३ ला ३ ने भागलं की १ उरतो, म्हणून ३(२अ − ३ब + १). मूळ राशीत जेवढी पदं होती तेवढीच कंसात हवीत, ती मोजायला क्षणभरही लागत नाही.

ऋण संख्या बाहेर काढताना आतली सगळी चिन्हं बदलतात: −६क्ष + १५ = −३(२क्ष − ५). अपूर्णांक काढताना आतली संख्या मोठी होते, आणि तिथे मुलं बिचकतात. क्ष/२ + ३ मधून १/२ बाहेर काढला तर कंसात क्ष + ६ येतं, कारण ३ ला अर्ध्याने भागायचं आहे.

राशी आणि समीकरण यांची गल्लत

६क्ष + ९ ला सोपं रूप द्या म्हटल्यावर ३ ने भागून २क्ष + ३ लिहिणारी मुलं हुशार असतात. त्यांनी समीकरणं शिकलेली असतात. ६क्ष + ९ = ० असेल तर दोन्ही बाजूंना ३ ने भागता येतं. नुसत्या राशीला दुसरी बाजूच नसते, त्यामुळे तो ३ बाहेर ठेवावाच लागतो. क्ष/२ + क्ष/३ ला ६ ने गुणून ५क्ष लिहिणं हीसुद्धा तीच गल्लत. बरोबर उत्तर ५क्ष/६.

भागाकारात मात्र प्रत्येक पदाला भागायचं. (४क्ष + ६)/२ म्हणजे २क्ष + ३. फक्त ४ ला काट मारून २क्ष + ६ लिहिलेलं चालत नाही.

शेवटी एक पूर्ण गणित: ५(२क्ष − ३) − २(क्ष − ६) = १०क्ष − १५ − २क्ष + १२ = ८क्ष − ३. क्ष = २ घेतलं तर दोन्हीकडे १३, क्ष = ५ घेतलं तर ३७. ‘अवयव पाडा’ या धड्यात असं उत्तर आलं की ८(क्ष − ३) लिहायचा मोह होतो. पण ८ आणि ३ मध्ये १ शिवाय सामाईक विभाजक नाही. ८क्ष − ३ असंच लिहून पुढच्या गणिताकडे वळा.