लांबीची शाब्दिक उदाहरणे: आधी रूपांतर, मग आकडेमोड

उदाहरण नीट वाचा, काय विचारलंय त्याखाली रेघ मारा, उत्तर कोणत्या एककात हवं ते समासात लिहा. किमी, मी, सेमी, मिमी यांचं कोष्टक पाठ आहे असं धरतो.

आता एक उदाहरण घ्या: ४ मी ५ सेमी लांबीच्या तारेचे ३५ सेमीचे किती तुकडे होतील आणि किती तार उरेल?

खरी पंचाईत पहिल्याच मापात आहे. ४ मी ५ सेमी दिसलं की हात आपोआप ४.५ मी लिहितो. ते साफ चूक आहे. ४.५ मी म्हणजे ४ मी ५० सेमी. तार बसल्या जागी ४५ सेमीने वाढली! मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असतात, म्हणून दशांश चिन्हापुढे सेंटिमीटरसाठी दोन घरं लागतात: ४.०५ मी. किलोमीटर-मीटरला तीन घरं, म्हणून २ किमी ७५ मी म्हणजे २.०७५ किमी. ‘दशांश चिन्ह सरकवलं की झालं’ असं सांगणारे ही घरं सांगतच नाहीत, आणि नेमके तिथेच गुण जातात.

म्हणून माझा आग्रह आहे: सगळी मापं उदाहरणातल्या सर्वांत लहान एककात आणा. ४ × १०० + ५ = ४०५ सेमी. दशांश चिन्हाचा प्रश्नच मिटला. गुणायचं की भागायचं हे घोकू नका. एकक लहान झालं की आकडा मोठा व्हायलाच हवा, एवढं बघा.

पुढे सोपं आहे. ४०५ ÷ ३५, भागाकार ११, बाकी २०. म्हणजे ११ तुकडे, २० सेमी तार उरली.

हेच मीटरमध्ये केलंत तर ४.०५ ÷ ०.३५ = ११.५७... येतं आणि ५७ सेमी तार उरली असं लिहिण्याचा मोह होतो. पण तुकडाच ३५ सेमीचा, मग ५७ सेमी उरेल कशी? ते ०.५७ मीटर नव्हेच, तो एका तुकड्याचा अपूर्णांक आहे. तुकडे पाडायचे असतील तिथे पूर्ण संख्येत भागाकार करा आणि बाकी वेगळी लिहा.

उत्तर मीटरमध्ये मागितलं असेल तर आत्ता, अगदी शेवटी, बदला: ०.२० मी. आणि ताळा करा: ११ × ३५ + २० = ४०५.