बाटलीत टाकण्याआधी

रावेरच्या केळीबागेत वाढलेल्या मुलीला जेलीफिशचा अभ्यास कशाला हवा, असं एम.एस्सी.ला असताना मला खूप जणांनी विचारलं. जळगाव-धुळ्याकडून या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण पहिल्या वर्षी माझं झालं ते नुकसान तुमचं होऊ नये.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा टेनोफोर मिळाले, म्हणजे जेलीफिशसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले समुद्री प्राणी. बोराएवढे, काचेसारखे आरपार. अंगावर कंगव्यांच्या आठ ओळी, उजेड पडला की त्यांवरून रंग धावायचे. डीएनए टिकावा म्हणून मी सगळेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाकले. संध्याकाळी बाटलीत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या उरल्या होत्या. मला रडू आलं.

फॉर्मॅलिनमध्ये आकार राहतो, पण डीएनए खराब होतो. कित्येक टेनोफोर तर त्यातही विरघळतात. म्हणून जे पाहायचं ते जिवंतपणीच पाहून घ्या. जाळ्याने ओढू नका, बरणीत पाण्यासकट अलगद घ्या. मागे काळं कापड, बाजूने उजेड, आणि भरपूर फोटो: कंगव्यांच्या ओळी कुठपर्यंत जातात, स्पर्शिका कुठून निघतात, जेलीफिश असेल तर छत्रीची कड आणि जननग्रंथी. मग लहानसा तुकडा अल्कोहोलमध्ये, बाकीचं शरीर फॉर्मॅलिनमध्ये. दोन्ही बाटल्यांत एकाच क्रमांकाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते.

डीएनए मिळाला की काम संपलं, असं मात्र समजू नका. प्राण्यांची जात ओळखायला सर्रास वापरतात तो सीओ-१ जनुकाचा सुमारे ६५० बेसांचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा. हे जनुक मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएत असतं, आणि टेनोफोरमध्ये तो डीएनए फार झपाट्याने बदललाय, त्यामुळे नेहमीचे प्रायमर (हवा तो तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला वापरतात ते डीएनएचे छोटे तुकडे) बरेचदा बसतच नाहीत. १८-एस हे दुसरं जनुक मिळतं, पण ते इतकं सावकाश बदलतं की जवळच्या जाती सारख्याच दिसतात. माझ्या गुठळ्यांचं तेच झालं. कितीतरी नावं जुळत होती, आणि ताडून पाहायला शरीरच नव्हतं. मून जेली नावाच्या जेलीफिशची गोष्ट उलटी: दिसायला एक, म्हणून जगभर एकच जात मानत होते, डीएनएने अनेक जाती वेगळ्या काढल्या.

हात बसवायला समुद्र लागत नाही. सुट्टीत घरी आलात की डबक्यातल्या पाणवनस्पती काचेच्या बरणीत दोन-तीन दिवस ठेवा. नशीब असेल तर काचेला हायड्रा चिकटलेले दिसतील, जेलीफिशचेच नातेवाईक. एक थेट अल्कोहोलमध्ये टाका, त्याचा ठिपका होईल. दुसऱ्याच्या पाण्यावर आधी मेन्थॉलचे खडे तरंगवा, तो सैल पडेपर्यंत थांबा, मगच अल्कोहोल घाला. दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली बघा.