पॉप३वर मेल उतरवण्याआधी स्पॅमची सोय

संगणकावर मेल प्रोग्रॅम बसवायला घेताना सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड हाताशी ठेवाच, पण त्याआधी खातं पॉप३वर चालवायचं (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घ्यायचं) की आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून तिथलंच पाहायचं) हे ठरवा. स्पॅममध्ये अडकलेलं मेल तुम्हाला दिसणार की नाही, हे त्यावरच अवलंबून असतं. पॉप३ला सर्व्हरवरचे फोल्डर कळत नाहीत. तो फक्त इनबॉक्स उतरवतो. सर्व्हरने एखादं मेल स्पॅममध्ये टाकलं की पॉप३च्या लेखी ते आलेलंच नसतं. एररही येत नाही, म्हणून मुलाखतीचं बोलावणं किंवा थकलेल्या बिलाची आठवण गेली कुठे, याचा पत्ता लागत नाही.

फसगत नेमकी इथेच होते. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये पॉप३ खात्याखालीही ‘जंक’ नावाचा फोल्डर असू शकतो. तो तुमच्या संगणकावरचा असतो. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या गाळणीने उतरलेल्या मेलांपैकी जे बाजूला काढलं, तेवढंच त्यात पडतं. तो रिकामा दिसला म्हणून सर्व्हरवरही काही अडलेलं नाही, असं समजू नका.

पॉप३च ठेवायचं असेल तर ब्राउझरमधून त्याच खात्यात शिरायची सोय आधी करून ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी स्पॅम उघडा. जीमेल स्पॅममधलं मेल ३० दिवसांनी कायमचं पुसतं. इतर ठिकाणची मुदत सेटिंगमध्ये किंवा मदतपानावर पाहून घ्या. कामाचं मेल सापडलं की ‘स्पॅम नाही’ दाबा. ते इनबॉक्समध्ये येतं आणि पुढच्या वेळी पॉप३वरूनही उतरतं. मात्र प्रोग्रॅममध्ये यादी तारखेनुसार लावलेली असेल, तर ते मूळ तारखेच्या जागी, खाली जाऊन बसतं. वरवर पाहून ‘आलं नाही’ म्हणू नका, शोधा. नेहमीच्या महत्त्वाच्या पत्त्यांसाठी जीमेलमध्ये फिल्टर करून ‘स्पॅममध्ये कधीच पाठवू नका’ हा पर्याय टिक करा. पाठवणारा ओळखीचा असेल तर हा उपाय सगळ्यांत भरवशाचा.

आयमॅपवर सर्व्हरचे फोल्डर दिसतात, पण आपोआप सगळे दिसतीलच असं नाही. थंडरबर्डमध्ये खात्याच्या नावावर उजवं क्लिक करून ‘सबस्क्राइब’ उघडा आणि स्पॅम किंवा जंकपुढे टिक आहे का पाहा. जीमेल असेल तर ब्राउझरमधल्या सेटिंगमध्ये ‘लेबल्स’खाली स्पॅमसमोर ‘आयमॅपमध्ये दाखवा’ चालू हवं. दोन्हींपैकी एक राहिलं तरी फोल्डर दिसत नाही. सेटिंगमध्ये भरायचे सुरक्षित जोडणीचे पोर्ट क्रमांक असे: आयमॅपला ९९३, पॉप३ला ९९५.

काहीजण एकाच खात्याला दोन्ही लावतात: संगणकावर पॉप३, फोनवर आयमॅप. हरकत नाही, पण पॉप३च्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ चालू असल्याची खात्री आधी करा. ते बंद असेल तर संगणकाने मेल उतरवलं की फोनवरचा इनबॉक्स रिकामा होतो, आणि लोक ते मेल उगाच स्पॅममध्ये शोधत बसतात.

ऑफिसच्या खात्यांना आणखी एक अडसर असू शकतो, क्वारंटाइनचा, म्हणजे संशयित मेल पेटीबाहेरच अडवून ठेवण्याचा. तिथे थांबवलेलं मेल तुमच्या पेटीपर्यंत पोचलेलंच नसतं, त्यामुळे ते आयमॅपवरही दिसणार नाही. ते सोडवायचं पान कुठे आहे आणि अडवलेल्या मेलांची यादी तुम्हाला येते का, हे मेल सांभाळणाऱ्यांना आधीच विचारून ठेवा.

शेवटी चाचणी घ्या. सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन (मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा प्रोग्रॅम) असेल तर ‘जीट्यूब’ ही ठरावीक चाचणी ओळ मजकुरात घालून दुसऱ्या खात्यावरून स्वतःला मेल पाठवा. साधारणपणे ५ गुणांवर मेल स्पॅम ठरतं. या ओळीला १००० मिळतात. मग ब्राउझर, फोन आणि संगणक तिन्हींवर ते कुठे दिसतं ते पाहा. पाठवणाऱ्या सर्व्हरनेच ते नाकारलं, तर वेगळ्या सेवेवरच्या खात्यातून पाठवा.