मृगाच्या पुरात जाळं थांबवा, पण पलीकडच्या काठाशी बोलून

(जून ते ऑगस्ट : प्राणहिता, इंद्रावती, पैनगंगा, वैनगंगेकाठच्या गावांसाठी)

पहिला गढूळ लोंढा आला की रोहू, कटला, मृगळ उलट्या धारेने वर चढतात आणि बुडालेल्या गवतात, नाल्याच्या तोंडाशी अंडी घालतात. जाळं लावायलाही हीच जागा सगळ्यात सोपी, घात होतो तो इथेच. किलोभर रोहूच्या पोटात दोनेक लाख अंडी असतात. बाजारात मात्र तिला भाव किलोचाच मिळतो.

इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. वैनगंगेच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशातही याच तारखा. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय, म्हणून जितकी राज्यं तितके नियम. एक काठ थांबला आणि समोरच्याने जाळं टाकलं, तर थांबणाऱ्याला आपणच येडे वाटतो. पुढल्या साली तोही थांबत नाही.

23 ऑगस्ट 2016 ला महाराष्ट्र आणि तेलंगणाने करार करून गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याची पाणीपातळी 100 मीटर, प्राणहितेवरच्या नियोजित तुमडीहेटी बंधाऱ्याची 148 मीटर ठरवली. पाण्यासाठी बसता येतं, तर माशांसाठीही बसायला हवं. गोदावरीच्या खालच्या अंगाचा मासा प्राणहितेत यायचा तर मेडीगड्डा ओलांडूनच येणार, तेव्हा पुरात दारं कधी उघडी ठेवायची हेही त्याच बैठकीत ठरावं. पण मृग काही बैठकीसाठी थांबत नाही.

तोवर मच्छीमार संस्थांनी पलीकडच्या संस्थेशी बोलून बंदच्या तारखा एक कराव्या आणि दोन्ही ग्रामपंचायतींत लिहून लावाव्या. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाकडे हे जमण्यासारखं आहे. दोन्ही काठांना तेलुगू चालते, सोयरिकीही आहेत. सुरुवात सुरुंग आणि विषापासून करा. त्यावर 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच बंदी आहे, वाद घालायला जागा नाही. मग बारीक जाळ्यांचं बोला.

कास्तकारांनो, कपाशीवर फवारणी झाल्यावर पंप नाल्यात धुऊ नका, डबेही तिथे टाकू नका. तेच पाणी अंड्यांवरून जातं. शेततळ्याच्या सांडव्याला पूर येण्याआधी बारीक जाळी बसवा. थाई मांगूर हा दुसरे मासे खाणारा परदेशी मासा, तो पाळायला बंदी आहे. कुणाच्या तळ्यात असेल तर तो नदीत सोडू नका, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. एकदा नदीत गेला की तो फक्त आपल्याच काठाचे मासे खात नाही.