सोलापुरातून हिमॅटॉलॉजीकडे जाणाऱ्यांसाठी

रक्ताचे कॅन्सर आणि बोन मॅरोचे, म्हणजे हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाचे, आजार पाहणारा डॉक्टर (हिमॅटॉलॉजिस्ट) व्हायचं, तर एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग एमडी मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्स ३ वर्षं, आणि नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन डीएम किंवा डीआरएनबी (दोन्ही सुपरस्पेशालिटीच्या पदव्या) क्लिनिकल हिमॅटॉलॉजी आणखी ३ वर्षं. बाँडची (सक्तीच्या सरकारी सेवेची) आणि परीक्षेच्या तयारीची वर्षं यात धरलेली नाहीत. मेडिकल ऑन्कोलॉजी हा वेगळा डीएम आहे. तिथे स्तन, फुप्फुस, आतडं असे सगळे कॅन्सर येतात, पण अप्लास्टिक ॲनिमिया (मॅरो रक्तपेशी बनवेनासा होतो तो आजार), हिमोफिलिया, थॅलेसेमिया हाताखालून फारसे जात नाहीत. ओढ रक्ताकडेच असेल तर हिमॅटॉलॉजीच घ्या.

तयारी मात्र डीएमच्या आधी, सिव्हिलमध्ये मेडिसिनची रेसिडेन्सी करतानाच सुरू होते. रिपोर्टवर विसंबू नका, पॅथॉलॉजीत जाऊन स्लाइड स्वतः पाहा. काउंटर, म्हणजे पेशी मोजणारं मशीन, प्लेटलेट २० हजार दाखवतो आणि पेशंटच्या अंगावर एकही डाग नसतो, तेव्हा बऱ्याचदा ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) प्लेटलेटचे पुंजके झालेले असतात. स्मीअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात, ते लगेच दिसतात. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये नमुना पुन्हा घ्या आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणा. ही एक सवय किती तरी पेशंटना नाहक प्लेटलेट चढवण्यापासून वाचवते.

बोन मॅरो मागच्या बाजूने, कमरेच्या हाडाच्या उंचवट्यातून काढतात. लिग्नोकेन हे बधिरतेचं औषध नुसतं कातडीत देऊन भागत नाही, हाडावरच्या आवरणात नीट मुरू द्यावं लागतं. पेशंट ओरडतो तो बहुधा इथली घाई झाली म्हणून. ओढताना थोडी कळ येणारच, ती आधीच सांगून ठेवा. स्मीअरसाठी पहिलाच अर्धा मिली पुरे. हाव धरून त्याच सिरिंजमध्ये जास्त ओढलं की मॅरोऐवजी रक्त येतं आणि ब्लास्ट (अपरिपक्व पेशी) कमी मोजले जातात. त्यानंतरचा भाग ईडीटीएमध्ये फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी), हेपॅरिनमध्ये कॅरिओटाइपसाठी (गुणसूत्रांची तपासणी). काहीच आलं नाही, म्हणजे ड्राय टॅप झाला, तर मॅरोत फायब्रोसिस (तंतूंची वाढ) किंवा पेशींची दाटी आहे असं समजा. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी काचेवर हलकेच टेकवून ठसे घ्या. तुकडा दीड-दोन सेंटिमीटरचा हवा. आणि ताज्या स्लाइड फॉर्मॅलिनच्या बाटलीशेजारी एका डब्यात कधीही ठेवू नका, वाफेने स्टेन बिघडतो.

सोलापुरातला खरा प्रश्न यापुढचा. फ्लो आणि सायटोजेनेटिक्सचे (गुणसूत्र तपासणीचे) नमुने बहुधा पुण्या-मुंबईला जातात, आणि पेशी जिवंत पोचायला हव्यात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे असतो, त्या उन्हात डबा तासभर राहिला तरी नमुना वाया जाऊ शकतो. थर्माकोलचा डबा घ्या, जेल पॅक कागदात गुंडाळा, ट्यूब त्याला टेकू देऊ नका. गोठलेला नमुनाही निकामीच. शनिवारी दुपारी मॅरो काढला की रविवार मध्ये येतो, म्हणून तातडी नसेल तर सोमवार ते गुरुवार हेच दिवस धरा. मंगळवेढ्याहून किंवा इंडीहून आलेल्या पेशंटला दुसऱ्यांदा सुई टोचायला बोलावणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं.

इथे येण्याआधी पेशंट दोन-तीन दवाखाने करून आलेला असतो. गाठी आणि ताप असताना आधीच स्टिरॉइड दिलेलं असेल, तर लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) किंवा एएलएलच्या (एक प्रकारचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर) पेशी वितळून निदान लांबतं. म्हणून जुनी चिठ्ठी नीट वाचा. तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही पेशी कमी असल्या की लगेच कॅन्सर समजू नका, बी-१२ ची कमतरताही हुबेहूब तसंच चित्र उभं करते.

दोन ठिकाणी मात्र थांबायचं नाही. स्मीअरवर एपीएलचा (ल्युकेमियाचा एक प्रकार) संशय आला, म्हणजे पेशींत सुयांसारख्या ऑअर रॉडच्या जुड्या दिसल्या आणि हिरड्यांतून रक्त येतंय, तर जनुकीय रिपोर्टची वाट न पाहता एटीआरए हे औषध सुरू करा. हा आजार पुष्कळदा बरा होतो, पण पहिल्या काही दिवसांतल्या रक्तस्रावात माणूस जातो. दुसरं, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असताना ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. आणि व्हिनक्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध फक्त शिरेतून. पाठीच्या कण्यात गेलं तर पेशंट दगावतो, म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइनच्या पिशवीत द्या.

भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात झालं. सख्ख्या भावंडाशी एचएलए (ट्रान्सप्लांटसाठी जुळावे लागणारे पेशींवरचे घटक) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अप्लास्टिक ॲनिमियाचं कळताच घरचे सगळे रक्त द्यायला धावतात. त्यांना प्रेमाने थांबवा, घरच्यांचं रक्त चढवलं तर पुढे ग्राफ्ट, म्हणजे दात्याचा मॅरो, नाकारला जाण्याचा धोका वाढतो. हे तेलुगू आणि कन्नडमध्येही सांगता यायला हवं, शहराच्या पूर्व भागातल्या घरात मराठी कमीच बोलली जाते.

सीएमएलचा (हळू वाढणारा ल्युकेमिया) पेशंट इमॅटिनिबच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळीवर वर्षानुवर्षं कामावर जातो. बरं वाटलं की तो गोळी सोडतो आणि आजार उलटतो. 'गोळ्या घेता ना?' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायला सांगा, आणि पुढच्या वेळी रिकाम्या स्ट्रिपा घेऊन यायला सांगा.