कुर्ट श्विटर्सची कोलाजे पाहताना या चुका टाळा

जर्मनीतील हानोव्हरचा चित्रकार कुर्ट श्विटर्स (1887–1948) याच्या कागदी कोलाजांसमोर, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांसमोर, उभे राहिल्यावर बहुतेकांची नजर प्रथम अक्षरांवर जाते आणि चित्र पाहण्याऐवजी वाचायला सुरुवात होते. ही सर्वांत मोठी चूक आहे. ट्रामचे तिकीट, चॉकलेटचे वेष्टन, वर्तमानपत्राची फाटकी पट्टी या सगळ्यांना त्याने आधी रंग, कड आणि वजन म्हणून वापरले आहे. नजर अक्षरांतच अडकत असेल, तर पुस्तकातील छायाचित्र उलटे धरून पाहावे. मजकूर मागे पडतो आणि एखादी लाल चिठ्ठी सगळी तिरकी मांडणी कशी तोलून धरते, ते दिसू लागते.

शीर्षकावर विसंबून विषय ठरवणे हीदेखील तशीच चूक. 1919 च्या सुमारास 'कोमेर्त्स उंड प्रिव्हाटबँक' या छापील नावातून कापलेल्या तुकड्यावर 'मेर्त्स' एवढीच अक्षरे उरली आणि तेच त्याने आपल्या साऱ्या कलेचे नाव केले. 1926 च्या एका कोलाजाच्या नावात 'ओकोला' येते. 'शोकोलाडे' (चॉकलेट) या जर्मन शब्दाचा तो केवळ मधला भाग आहे. त्यात गूढ संकेत शोधू नये. लहान कोलाजांना तो 'मेर्त्स-रेखाटने' म्हणत असे, म्हणून त्यांत पेन्सिलीच्या रेषा शोधण्याचेही कारण नाही. तेथे रेषा म्हणजे कागदाची कड, आणि कात्रीने कापलेली कड व हाताने फाडलेली कड यांतला फरक पाहण्यातच माझ्या मते या चित्रांचा खरा आनंद आहे.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊन तुकड्यांचा उगम साफ विसरणेही चूकच ठरेल. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीत जुनी घडी मोडली होती आणि त्या मोडतोडीतूनच नवे काही उभारावे, अशी त्याची धारणा होती. वापरून फेकलेले तिकीट नव्या कोऱ्या रंगीत कागदाइतके निर्विकार नसते. तिकिटावर तारीख दिसली, तरी ती चित्राची तारीख मानू नये; ते तिकीट पुष्कळ वर्षांनीही चिकटवलेले असू शकते.

तपकिरी छटेविषयी विशेष सावध राहावे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला वर्तमानपत्री कागद प्रकाशात पिवळा, मग तपकिरी पडतो, त्यामुळे आज जी उबदार जुनाट रंगसंगती भासते ती पुष्कळदा चित्रकाराने निवडलेली नसून काळाने चढवलेली असते. शंका आल्यास एका कागदाखालून डोकावणारी दुसऱ्याची झाकलेली बाजू किंवा गोंद सुटून उचलली गेलेली कड शोधावी; तेथे मूळ रंग थोडाफार टिकलेला असतो.

पडद्यावर मोठे करून पाहतानाही फसगत होते. यांपैकी अनेक कोलाजे तळहाताएवढी लहान आहेत, म्हणून शीर्षकाखालची सेंटिमीटरमधील मापे वाचून तेवढा आयत कोऱ्या कागदावर आखावा आणि मगच चित्राकडे वळावे.