कोकणात राहून चेलोवादक व्हायचं तर वर्षाची आखणी पावसाळ्यावरून करा

कोकणात राहून चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं, बसून वाजवायचं मोठं वाद्य) शिकणाऱ्या आणि परदेशी कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, अर्ज करणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी कॅलेंडर आडवं येतं. ब्रिटनमधल्या संस्थांची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, अमेरिकेतल्या बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे तयारीचे शेवटचे महिने भर पावसात जातात, आणि वाद्याची अवस्था तेव्हाच सगळ्यात वाईट असते. म्हणून मृग नक्षत्रापासून मागे मोजत जा. नव्या रचना नोव्हेंबर ते मार्च बसवा, ऑडिशनचे व्हिडिओ एप्रिल-मेमध्ये घ्या. रेकॉर्डिंग किती जुनं चालतं, ते संस्थेच्या नियमांत आधी बघून घ्या. जुलैत पत्र्यावर पाऊस वाजत असताना एका दमात, न कापता रेकॉर्ड करणं जवळजवळ अशक्यच असतं.

वाद्याचं माप वयावर न ठरवता हातावर ठरवा. पहिल्या पोझिशनमध्ये (डावा हात तारेच्या वरच्या टोकाशी असताना) पहिल्या बोटापासून (तर्जनी) चौथ्या बोटापर्यंत (करंगळी) तीन अर्धस्वरांचं अंतर पडतं. अंगठा दुसऱ्या बोटामागे ठेवून, मनगट न मोडता ते अंतर सहज पडलं, तर माप बरोबर. पूर्ण मापाच्या चेलोत तारेची वाजणारी लांबी साधारण ६९ सेंमी असते. बारा वर्षांच्या मुलाला बहुधा तीन-चतुर्थांश मापाचाच चेलो योग्य. पहिली दोन-तीन वर्षं लॅमिनेटेड (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला) चेलो घ्या. आवाज थोडा बंद येतो, पण दमट हवेत तो टिकतो. स्प्रूस आणि मेपल या झाडांच्या घन लाकडाचं वाद्य त्यानंतर, हवा सांभाळायची सवय झाल्यावर.

ही सवय अंगी बाणवणं महत्त्वाचं. चेलोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. रत्नागिरी-मालवणकडे जुलैत ती ८५च्या पुढे असते. लाकूड पाणी शोषून आडवं फुगतं, पुढची फळी वर येते, ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) उचलला जातो आणि तारा फिंगरबोर्डपासून (बोटं दाबायच्या पट्टीपासून) लांब जातात. मग बोटं जास्त दाबावी लागतात, अंगठा दुखू लागतो, आणि घरच्यांना वाटतं मुलाचं तंत्र बिघडलं. फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी तारेखालचं अंतर मोजपट्टीने मोजा: ए तारेखाली (सगळ्यात उंच सुराची) साधारण ५ मिमी, सी तारेखाली (सगळ्यात खालच्या सुराची) ७ ते ८. आकडा याहून बराच वाढला, तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून थोडा बुटका असा दुसरा ब्रिज करून घ्या आणि पावसाळ्यात तो वापरा. हा खर्च सार्थकी लागतो.

स्वस्त आर्द्रतामापकावर डोळे झाकून विसंबू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला. ते झाकण आणि मापक घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ वर हवा. ७० दाखवला तर पुढे प्रत्येक वाचनात ५ मिळवा.

चेलो बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका; माजघरात, आतल्या भिंतीपाशी ठेवा. छोट्या बंद खोलीला दिवसाला १० ते १२ लिटर पाणी ओढणारा डीह्युमिडिफायर पुरतो, पण ८५ वरून ६० वर एका दिवसात आणू नका, दोन-तीन दिवस घ्या. वीज गेली की वाद्य लगेच त्याच्या बंद केसमध्ये (वाद्य ठेवायच्या खोक्यात), सोबत कापडी पिशवीत अर्धा किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे). उघड्या खोलीत सिलिका ठेवून काहीच साधत नाही.

दर आठवड्याला बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करा. आवाज एका ठिकाणी खुळखुळला तर तिथला जोड सुटलाय. घाबरू नका: हे जोड सरसाने मुद्दामच हलके चिकटवलेले असतात, म्हणजे ताण आला की जोड सुटावा, फळी फाटू नये. तिथे फेविकॉल भरलात तर पुढच्या पावसात तडा फळीलाच जाईल. आणि चारही तारा एकदम कधीच सैल करू नका. आतला साउंडपोस्ट (दोन फळ्यांमधली लाकडी दांडी) नुसत्या दाबावर उभा असतो, तो पडतो.

बोचे (चेलो वाजवायच्या गजाचे) केस ओलाव्याने लांबतात, म्हणून वाजवून झालं की बोचा स्क्रू सैल कराच. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या खोक्यात बोचे केस खाणारी कीड लागते. आठवड्यातून एकदा तरी खोका उघडून उजेड दाखवा.

पावसाळ्यातला सराव साधा पण कडक ठेवा. मेट्रोनोम ६० वर लावून मोकळ्या तारेवर बोचा एक फटकारा आठ ठोके, मग बारा, मग सोळा. आवाज टोकापासून टोकापर्यंत सारखा हवा. त्यानंतर तानपुरा ॲप लावून स्केल (सुरांचे आरोह-अवरोह). भजनाची पेटी घरात असली तरी वाद्य तिच्यावर लावू नका. तिचा ए सूर ४४० हर्ट्झला, म्हणजे ठरलेल्या पट्टीला, असेलच असं नाही, आणि तिच्यातला गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा चढा असतो. ए तार ट्यूनरवर लावा, बाकीच्या डी, जी, सी दोन-दोन तारा एकत्र वाजवून, आवाजातल्या लहरी (थरथर) थांबेपर्यंत.

ऑनलाइन शिकवणीत ॲपमधलं आवाज साफ करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर गुरूंना तुमचा हलका आवाज ऐकूच जात नाही. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष तास हवाच. दक्षिण कोकणाला पणजी जवळ, उत्तरेला मुंबई. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या आठ ग्रेड शिस्तीसाठी चांगल्या, पण त्यांच्या जोरावर ऑडिशन निघत नाही. ऑडिशनला सहसा संगीतकार बाखच्या सुइटमधले (एकट्या चेलोसाठीच्या रचनांमधले) भाग, एका कॉन्चेर्तोचा (एक वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेचा) पहिला भाग आणि एक एट्यूड (तंत्राचा अभ्यास-तुकडा) लागतो. ऑर्केस्ट्रात जायचं असेल तर ऑर्केस्ट्राचे उतारेही आतापासून पाठ करायला घ्या. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून असलेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम प्रत्यक्ष ऐका, आणि ऐकताना चेलोंच्या रांगेवर लक्ष ठेवा.

ऑडिशनला मुंबईला एसी सभागृहात जाताना आदल्या दिवशीच पोहोचा. केस बंद ठेवूनच तास-दोन तास खोलीच्या हवेशी जुळू द्या, मग उघडा. हवा कोरडी झाली की खुंट्या सरकतात. फिरवताना आत दाबून फिरवा. युरोपात हिवाळ्यात मात्र उलटी भीती: हीटर लावलेल्या खोलीत आर्द्रता ३० च्या खाली जाते, तेव्हा केसमध्ये सिलिकाऐवजी ओलावा देणारी नळी ठेवावी लागते.